वाटून खाल्लेल्या घासाची शंभर वर्षं



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. विणा कुणाकुणाच्या गळ्यात आला, पखवाज कुणी वाजवला, चोपदार कोण होते, हे सगळं या स्मरणिकेत दुसरीकडे येईलच. आम्ही इथं दिंडीच्या शिध्याचा इतिहास सांगणार आहोत. आळंदी ते पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. टाळ वाजवून पोट भरत नाही. शंभर वर्षं इतकी माणसं चालली म्हणजे शंभर वर्षं कुणीतरी त्यांना जेवू घातलं. त्या घालणाऱ्यांची नावं वहीत नाहीत. त्यांची आठवण काढल्याशिवाय आपली शताब्दी पुरी होत नाही.

जुनी माणसं सांगायची की दिंडी सुरू झाली तेव्हा पैसा कुणाकडंच नव्हता. होतं ते धान्य, आणि तेही मोजकंच. तेव्हाची मापं आजच्या पोरांना ठाऊक नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, आणि चार शेरांची एक पायली. ज्येष्ठ लागला की दोघं-तिघं झोळी घेऊन गावात फिरायचे. मोठ्या वाड्यातून पायली यायची, मधल्या घरातून शेर, आणि ज्याच्या घरात काही नाही त्याच्याकडून चिपटं. ज्याच्याकडं चिपटंही नसायचं तो मिठाचे खडे नाहीतर दोन गवऱ्या द्यायचा. झोळीवाले एकही दार सोडायचे नाहीत. गरिबाचं दार टाळणं हा त्याचा अपमान, असं ते मानायचे. "त्याला द्यायचा मान आहे, तो आपण कोण काढून घेणार?" हे त्यांचं बोलणं आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे.

हे शहाणपण आलं कुठून? आम्हाला वाटतं, खळ्यावरून आलं. शेतकऱ्याची रास खळ्यात पडली की ती सगळी त्याची नसायची. सुतारानं नांगर नीट केला, लोहारानं फाळ शेवटला, चांभारानं मोट शिवली, कुंभारानं मडकी दिली, महारानं गावाची राखण केली. प्रत्येकाचं बलुतं राशीतून आधी निघायचं, मग उरलेलं घरात. ते दान नव्हतं, तो त्यांच्या कष्टाचा हक्क होता. त्यात मापाची मारामारी व्हायची, अन्यायही व्हायचा, ते लपवायचं कारण नाही. पण एक गोष्ट त्यातून माणसाच्या अंगात मुरली: पीक माझ्या एकट्याच्या हातानं आलेलं नाही. पाऊस वरनं आला, बी मागच्या पिढीनं राखलं, बैल राबला, बलुतेदार राबला. ज्याला हे उमगलं त्याचा हात झोळीपुढं आखडत नाही.

आता जरा मागं जाऊ. आपल्या संतांनी हे कसं केलं ते बघू, कारण दिंडीचा शिधा त्यांच्याच वाटेनं चालत आला आहे.

पंढरीजवळ मंगळवेढं. ज्वारीचं कोठार म्हणून त्याचं नाव. पंधराव्या शतकात तिथं दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे कामगार होते. दुष्काळ पडला, माणसं पटापट मरू लागली, आणि पंतांनी सरकारी कोठारं रयतेसाठी उघडली. महिपतीबुवांनी 1762 साली पुऱ्या केलेल्या भक्तविजय ग्रंथात ही कथा आहे. बादशहानं पंतांना पकडून आणायला माणसं पाठवली, आणि इकडं साक्षात पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला, धान्याचे पैसे भरले आणि पावती घेतली. ही कथा आम्ही कीर्तनात सांगतो तेव्हा लोक चमत्कारावर माना डोलावतात. पण दोन गोष्टी चमत्काराच्या मागं दडून राहतात. एक म्हणजे, पंतांनी कोठार उघडलं तेव्हा त्यांना पांडुरंग येणार हे ठाऊक नव्हतं. डोकं जाणार हे मात्र ठाऊक होतं. पुढं फळ मिळेल म्हणून दिलं असतं तर तो व्यापार झाला असता.

दुसरी गोष्ट देवाच्या रूपाची. देव सरदार होऊन गेला नाही, सावकार होऊन गेला नाही. सरकारचा भरणा पोचवायचं काम गावात महाराकडं असायचं, म्हणून देव तेच रूप घेऊन गेला, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याच्याच हातानं दामाजींची अब्रू राखली, हेही तितकंच खरं. याच मंगळवेढ्यात 1338 साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबाराय तिच्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. आपण वारीत दरवर्षी तिथं डोकं टेकवतो.

पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट तर लेकरालाही ठाऊक. घरात श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, पितरांच्या नावानं पानं वाढायची, आणि वासानं कळवळलेली वेशीबाहेरची माणसं लेकरांसह रस्त्यानं चाललेली. नाथांनी तेच अन्न त्यांना वाढलं. गावानं बहिष्कार घातला. नाथांना उरलंसुरलंही देता आलं असतं, नंतर वेगळा स्वयंपाक करून देता आला असता. त्यांनी पहिलं ताट दिलं. यातून आम्ही एक खूण धरली आहे: उरलेलं देणं ही सोय, आणि पहिल्यातलं देणं हे दान.

आणि तुकोबाराय. 1630 सालचा दुष्काळ महाराष्ट्रात असा पडला की गावंच्या गावं ओस झाली. त्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. देहूची महाजनकी त्यांच्या घरात, सावकारीही होती. लोकांकडून येणं असलेली कर्जखतं घरात होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझंच एवढं गेलं, आता वसुली तरी करतो. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली, कारण त्याचा संसार होता, आणि त्याच्या वाट्यावर आपला हक्क नाही. आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडली. मुठीतलं धान्य देणं सोपं. पण ज्यानं आपलं देणं लागतं, त्याला मोकळं करणं फार अवघड. आपल्या गावात बांधाच्या वादात आणि हातउसन्यात किती भावकीची बोलणी बंद आहेत, ते ज्यानं त्यानं आठवून बघावं.

पुढं तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली. दोन्ही संतांच्या पादुका एका पालखीत, आणि मुखात ज्ञानोबा-तुकाराम. त्यानंतर माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला तो हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 च्या सुमारास. सातारा भागातल्या आरफळचे हे बाबा पूर्वी शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. ते सगळं सोडून माउलींच्या पायाशी आले. एकट्या भक्तीनं एवढा सोहळा चालत नाही. तिथं अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था केली. बेळगावकडच्या अंकलीहून ते अश्व आजही दरवर्षी चालत आळंदीला येतात. देणारे गेले, त्यांच्या पिढ्या गेल्या, पण दिलेला शब्द चालतोच आहे.

आता कुणी म्हणेल, सरदारानं घोडा दिला, आपण काय द्यावं? त्याचं उत्तर वाटेवर मिळतं. तुकोबारायांच्या पालखीच्या वाटेवर यवतला गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. घराघरातल्या चुलीवर भाकऱ्या थापायच्या आणि सगळ्या एकत्र आणायच्या. त्याच वाटेवर काटेवाडीला परीट समाज पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. पुण्यात पालखी आली की कुणी न्हावी वारकऱ्यांची दाढी-कटिंग फुकट करतो, कुणी चांभार तुटलेल्या वहाणांना टाके घालतो, कुणी डॉक्टर पायांचे फोड बघतो. ज्याच्या हातात जे आहे ते त्यानं दिलं. परटानं धोतर दिलं, धनगरानं मेंढरं फिरवली, चांभारानं टाका दिला. यातलं मोठं कोणतं आणि लहान कोणतं, हे ठरवणारा तराजू अजून कुणाला मिळालेला नाही.

इथं एक गोष्ट आम्हाला लिहिलीच पाहिजे. न लिहिली तर हा इतिहास खोटा होईल. आपल्या दिंडीत पहिली काही वर्षं शिधा सगळ्यांचा एकत्र व्हायचा, पण पंगत एक नव्हती. वेशीबाहेरच्या घरांनीही झोळीत चिपटं टाकलेलं असायचं. ते चिपटं पोत्यात मिसळायचं, त्याची भाकरी सगळे खायचे, आणि ज्यानं दिलं तो मात्र लांब, दुसऱ्या झाडाखाली जेवायचा. त्याचं धान्य चालायचं, त्याची पंगत चालत नव्हती. त्या काळी सगळीकडंच असं होतं, असं म्हणून सुटता येतं. पण नाथमहाराजांना पूजणाऱ्यांनी तसं म्हणू नये.

हे कसं बदललं? 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं. विठोबाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं, नाहीतर प्राण जावा, असा त्यांचा निर्धार. त्याआधी त्यांनी गावोगाव फिरून सांगितलं होतं. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, आणि त्याच साली देऊळ सगळ्यांना उघडलं. देवाजवळ एकत्र उभं राहायचं आणि भाकरीजवळ वेगळं बसायचं, हे मग कुणाच्या तोंडून निघेना. दुसऱ्या बाजूनं गाडगेबाबांचं काम चालूच होतं. अमरावतीकडच्या शेंडगावात 1876 साली जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी हातात खराटा घ्यायचा, रस्ते झाडायचा, मग भाकरी घ्यायचा आणि रात्री कीर्तन करायचा. पंढरीत त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण तिथं येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्याला टेकायला जागा नव्हती. लाखांच्या इमारती उभ्या केल्या आणि स्वतः झाडाखाली निजले. पुढं ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. दिलेलं परत मोजायचं नाही, हे बाबांनी असं दाखवून दिलं.

आपल्या दिंडीतली म्हातारी माणसं सांगायची की त्यानंतर एका वर्षी मुक्कामावर विणेकरी बुवाच उठले, आपलं पान उचललं आणि लांबच्या झाडाखाली जाऊन बसले. काही बोलले नाहीत. मग एकेक टाळकरी उठला. दोघं-तिघं तेवढे जागेवर राहिले आणि पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्या दिवसापासून आपली पंगत एक झाली. शंभर वर्षांत आपल्या दिंडीनं ज्याचा अभिमान धरावा असं पहिलं काम आमच्या लेखी हेच.

दुसरं काम 1973 च्या आषाढीचं. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आता थोडेच उरले. खरीप गेलं, रब्बी गेलं, विहिरींचा तळ दिसला. सगळं गाव रोजगाराच्या कामावर, बायामाणसं खडी फोडायला, नाल्याच्या बांधावर माती टाकायला. लेकरांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो. त्याची भाकरी तव्यावरच मोडायची आणि घशाखाली उतरायची नाही. आम्ही तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होतो. ज्येष्ठात मंडळी बसली. कुणी म्हणालं, यंदा झोळी फिरवू नका, लोकांना लाज वाटेल. त्यावर एक म्हातारी बाई बोलली, "पांडुरंगानं आवंदा मिलो दिला, तर त्याला मिलोच वाढा की." झोळी फिरली. चिपटं-चिपटं मिलो जमला. त्या वर्षी आपल्या दिंडीनं वाटभर तांबडी भाकर खाल्ली. सोबत चटणी, कधी नुसतं मीठ. आणि वाटेवर जो उपाशी भेटला त्यालाही तीच अर्धी मोडून दिली. भरल्या कणगीतून देणारे पुष्कळ पाहिले. पण मिलोतलं चिपटं देणारे बघितले त्या वर्षीच.

आता आभाराविषयी. वारीत तुम्ही एक नवल पाहिलं असेल. घरधनी वारकऱ्याला पोटभर जेवू घालतो आणि वर त्याच्याच पाया पडतो. जेवणारा त्याच्या पाया पडतो. दोघंही "माउली" म्हणतात. उपकार कुणी कुणावर केला तेच कळत नाही. शहरातल्या माणसाला हे उलटं वाटतं. पण घरधन्याचं म्हणणं सरळ आहे: मला जायला जमलं नाही, तुमच्या पायांनी माझी वारी झाली. जेवणाऱ्याचं म्हणणंही सरळ आहे: मी चाललो, पण तुमच्या भाकरीच्या बळावर चाललो. आम्ही इतकी वर्षं कीर्तन करतो, कृतज्ञतेचा याहून सोपा अर्थ आम्हाला सापडला नाही. ज्याला आपण घेतलं आहे याची जाणीव असते, तो देताना वाकतो. आपण घेतलेलंच नाही असं ज्याला वाटतं, तो देताना ताठ होतो आणि मग त्याला नावाची पाटी लागते.

पाटीचं म्हणाल तर आजची गोष्टही सांगितली पाहिजे. आता आपल्याकडं ट्रक आहे, पाण्याचा टँकर आहे, गॅसची शेगडी आहे, भिशीचे पैसे फोनवरून येतात. पांडुरंगाच्या कृपेनं कशाला कमी नाही. वाटेवर पन्नास पावलांवर कुणी चहा वाटतो, कुणी केळी, कुणी बिस्किटं. देणाऱ्याचा भाव खराच आहे, त्याला नमस्कार. पण त्याच वाटेवर एक घास खाऊन टाकलेल्या पत्रावळी आणि अर्ध्या पाण्याच्या बाटल्याही पडलेल्या दिसतात. ज्या चिपट्यासाठी कुणी उपास काढला, त्या चिपट्याचं अन्न पायाखाली जाताना बघून शेतकऱ्याच्या पोटात कालवतं. कणसात दाणा भरायला किती दिवस लागतात, ते राखणीच्या माचावर बसलेल्यालाच ठाऊक. देणारा दोषी की टाकणारा, याचा वाद नको. घेणाऱ्यानं "बस, माउली" म्हणायला शिकावं, हेही आभारच.

म्हणून पुढच्या शंभर वर्षांसाठी आमच्या तीन विनंत्या आहेत. मंडळींनी विचार करावा. पहिली, झोळी पुन्हा फिरवावी. पैसे फोनवर आले तरी मूठभर धान्य प्रत्येक दारातून यावं, आणि एकही दार टाळू नये. आज गावात बाहेरून आलेले ऊसतोडीवाले, वीटभट्टीवाले राहतात. त्यांचंही दार वाजवावं, आणि पंगतीत त्यांना आपल्या शेजारी बसवावं. दुसरी, अन्नदात्याचं नाव भोंग्यावर पुकारू नये. पायलीवाल्याचं पुकारलं तर चिपटंवाल्याची मान खाली जाते. तिसरी, वाढपी होण्याची पाळी सगळ्यांना यावी, विणेकऱ्यालाही आणि कीर्तनकारालाही. वाढताना वाकावं लागतं, ते सगळ्यांच्याच तब्येतीला चांगलं.

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, मग पालख्या परत फिरतात. काला म्हणजे काय, हे दरवर्षी आम्ही कीर्तनात सांगतो. रानात गाई राखताना सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कुणाचं दही, कुणाच्या लाह्या, पेंद्याचं आंबलेलं काहीतरी. कृष्णानं सगळं एकत्र कालवलं आणि मग वाटलं. आधी वाटलं असतं तर ज्याचं त्याला कळलं असतं. कालवल्यावर ओळखता येत नाही, दही कुणाचं आणि आंबलेलं कुणाचं. एवढी मोठी वारी, इतक्या कोसांची चाल, आणि शेवट होतो तो या मिसळलेल्या घासापाशी. दर्शन आधी होतं, काला शेवटी. आम्हाला वाटतं, हा क्रम पूर्वजांनी जाणूनच ठेवला असावा. देव भेटला की नाही हे ज्याचं त्याला ठाऊक, पण घास वाटला की नाही हे सगळ्यांना दिसतं.

शंभर वर्षांत ज्यांनी ज्यांनी झोळीत मूठ सोडली, वाटेवर भाकरी थापली, पाणी पाजलं, फोड आलेल्या पायाला तेल लावलं, आणि नाव सांगितलं नाही, त्या सगळ्या माउलींच्या पायांवर आमचं डोकं.

रामकृष्ण हरी.